बोट सोडू नका

भोंगा हे नाव त्याच्या मेव्हणीने ठेवले. लग्नाच्या दिवशी नवऱ्या मुलाने स्वतःच माइक हातात घेतला आणि पाहुण्यांनी कोणत्या दाराने आत यावे, ओल्या छत्र्या कुठे ठेवाव्यात, जेवायला आधी कोणी उठावे याच्या सूचना इतक्या तृप्तपणे दिल्या, की हे लग्न आपलेच आहे याचे त्याला भान आहे किंवा नाही, अशी शंका काही वडीलधाऱ्यांना आली. तेव्हा धाकट्या बहिणीने नवरीच्या कानात हा शब्द सोडला. नवरीला हसू आवरले नाही. त्या हसण्याचा फोटो आजही त्यांच्या बैठकीच्या खोलीत लावलेला आहे, आणि आपल्या सहवासात माणसे कशी फुलतात याचा पुरावा म्हणून भोंगा तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो.

शहराच्या मोठ्या बसस्थानकावर तो उद्घोषक आहे. चौकशीच्या खिडकीमागून एक लोखंडी जिना वर जातो. तो जिथे संपतो तिथे काचेची एक खोली आहे. टेबलावर माइक, माइकच्या मानेभोवती गुंडाळलेला जुना हातरुमाल, लवंगांची डबी, भिंतीवर वेळापत्रक आणि वेळापत्रकाच्या वर टांगलेले घड्याळ. खोलीला तिन्ही बाजूंनी काचा आहेत, त्या खालचे फलाट दिसावेत म्हणून. परंतु दुपारचे ऊन डोळ्यांवर येते या कारणाने त्याने त्या काचांना आतून जुनी वर्तमानपत्रे चिकटवून टाकली. फलाट दिसेनासे झाले, आणि त्यावाचून त्याचे काहीही अडले नाही. घड्याळाचा काटा वेळापत्रकातल्या आकड्यावर आला की गाडी लागली आहे असे तो सांगतो, आणि पुढच्या आकड्यावर आला की ती सुटत आहे असे सांगतो. खाली गाडी नसली, चालक चहा पीत असला, किंवा गाडी केव्हाच निघून गेलेली असली, तर तो दोष गाडीचा. त्याच्या मनात खोलवर अशी एक समजूत रुजलेली आहे की गाड्या डिझेलवर चालत नसून त्याच्या वाक्यावर चालतात.

या व्यवसायाने त्याला आणखी एक सवय लावली, आणि ती अधिक घातक आहे. माइकवरून केलेल्या त्याच्या बोलण्याला आजवर कोणी उलट उत्तर दिलेले नाही. हजारो माणसे त्याचे ऐकतात, माना वर करतात, सामान उचलून धावतात. पण त्यांतल्या एकालाही 'काय म्हणालात?' असे विचारण्याची सोय नाही. परिणामी बोलणे ही दोन माणसांमध्ये घडणारी गोष्ट आहे, हेच तो विसरून गेला. घरी बायको काही विचारू लागली की तो आपले वाक्य पहिल्यापासून पुन्हा म्हणतो, फक्त थोडे सावकाश.

मध्यंतरी स्थानकावर यंत्र आले. एका बंदिस्त खोलीत बसवून त्याच्याकडून गावांची नावे, आकडे, 'लागली आहे', 'सुटत आहे', 'क्षमस्व' असे सगळे सुटे सुटे म्हणवून घेण्यात आले. आता यंत्र ते जोडते आणि उद्घोषणा करते. त्या आठवड्यात त्याने घरी पेढीवाल्यासारखा रुबाब केला. आपला आवाज आता आपल्याशिवायही काम करतो, याचा अभिमान त्याला इतका झाला, की त्याचा अर्थ पुढच्या महिन्याच्या पाळ्यांचा तक्ता लागल्यावरच लक्षात आला. त्याच्या पाळ्या निम्म्याने कमी झाल्या. दुपारी तो घरी असतो. बायको एका दवाखान्यात रुग्णांना क्रमांक देण्याच्या टेबलावर, मुलगी छकुली शाळेत. आणि भोंगा रिकाम्या घरात, ऐकायला कोणी नाही अशा अवस्थेत. बाल्कनीतून तो काही दिवस खालच्या माणसांना गाड्या कशा लावाव्यात ते सांगत होता. त्यांनी वर पाहिले, आणि तोंड असल्यामुळे उत्तरही दिले.

सासूबाईंची काळजी त्याला नेमकी याच सुमारास वाटू लागली.

सासूबाईंनी उभे आयुष्य एका छापखान्याच्या बांधणी विभागात घालवले. त्यांचे यजमान गेल्याला बराच काळ लोटला आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहतात, जिना दोनदा थांबून चढतात, आणि कोणी मदतीला पुढे झाले तर हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतात. या खोल्या सोडून त्यांनी लेकीकडे यावे, मागची खोली त्यांच्यासाठी रिकामी केलेली आहे, असे भोंग्याने जाहीर केले. कारण त्यांना आता विसरायला होते. पुरावे दोन: एकदा किल्ली दारालाच राहिली होती, आणि एकदा त्या जावयाचा वाढदिवस विसरल्या होत्या. दुसरा प्रकार विसरण्याचा होता की आठवणीत ठेवून टाळण्याचा, याची चौकशी कोणी केली नाही.

"मला माझ्या खोल्यांतच राहायचंय," सासूबाई लेकीला म्हणाल्या होत्या. "पण माझ्यापायी तुझ्या जिवाला घोर लागणार असेल, तर तसं सांग. नुसत्या जावईबापूंच्या म्हणण्यावर मी उठणार नाही."

लेक पेचात पडली. नवऱ्याचे म्हणणे तिला पटत नव्हते. परंतु आई जिन्यात पडली तर, ही कल्पनाही तिला झोपू देत नव्हती. शेवटी तिने असे ठरवले की सगळ्यांनी मिळून आठवडाभर समुद्रावर जावे, आईला जवळून पाहावे, आणि परतण्यापूर्वी काय ते नक्की करावे. म्हणजे सहल ही नावापुरती सहल होती. एका म्हातारीला आपल्या दोन खोल्यांत परत जाता येणार की नाही, याचा निकाल तिथे लागायचा होता, आणि हे त्या म्हातारीसकट सर्वांना माहीत होते. फक्त भोंग्याने काय केले होते ते कोणाला माहीत नव्हते. निघण्याच्या सकाळी त्याने खोल्यांच्या मालकाला फोन लावला, पलीकडून कोणी उचलला नाही याचे समाधान मानले, आणि या महिनाअखेर जागा रिकामी होईल असा निरोप, तारखेसह आणि दोनदा, ध्वनिमुद्रित करून ठेवला.

समुद्रावरच्या लॉजमध्ये त्यांना शेजारशेजारच्या दोन खोल्या मिळाल्या. चादरी कायम दमट, न्हाणीघराच्या जाळीत आधीच्या पाहुण्यांची वाळू, आणि वारा आला की खडखडणारी खिडकी, जिच्या फटीत मेव्हणीने पहिल्याच दिवशी वर्तमानपत्राची घडी खोचली. मेव्हणीचे लग्न झालेले नाही. केस कापण्याचे तिचे स्वतःचे दुकान आहे, आणि माणसाच्या डोक्यात काय आहे हे तिला वरून पाहून कळते असे ती म्हणते. एका खोलीत भोंगा, बायको आणि छकुली. दुसरीत सासूबाई आणि मेव्हणी. दोन खोल्यांच्या मधल्या व्हरांड्यात उभे राहून भोंगा दिवसाचा कार्यक्रम सांगे. समुद्रस्नान नाश्त्यानंतर. भरतीच्या वेळी पाण्यात जाऊ नये. शिंपले गोळा करणाऱ्यांनी ते बाहेरच्या नळावर धुवावेत. त्याच्या बोलण्यात समोरची माणसे नेहमी 'करणाऱ्यांनी' आणि 'जाणाऱ्यांनी' अशी अनोळखी होऊन येत, मग ती त्याची बायको का असेना.

सासूबाई या दिवसांत सकाळी लवकर उठून किनाऱ्याने चालत जात, ठरलेल्या खडकाला वळसा घालून परत येत, आणि आल्यावर नातीची वेणी घालत. लेक लांबून सगळे पाहत होती. विसरण्यासारखे काही घडत नव्हते. भोंगा अस्वस्थ होऊ लागला.

चौथ्या दिवशी फेरी बोटीने दीपगृहाच्या बेटावर जायचे होते. सकाळी लॉजच्या जेवणघरात, चहाचा कप हातात घेऊन, तो टेबलाशी उभा राहिला.

"लक्ष द्या. बोट आधी लहान बेटाला लागेल. तिथं बोटी दुरुस्त करायचा कारखाना आहे, बघण्यासारखं काही नाही. दुसरा थांबा दीपगृह. तिथं उतरायचं."

"आणि तिसरा?" मेव्हणीने विचारले.

"तिसरा थांबा नाही."

"बरं झालं सांगितलंत भाऊजी, जीव टांगणीला लागला होता."

"पाण्यात पडून फोन खराब होतात," भोंगा पुढे म्हणाला. "सगळ्यांचे फोन माझ्याकडे."

त्याने एक प्लास्टिकची पिशवी पुढे केली. बायकोने फोन टाकला, मेव्हणीने नाक मुरडून टाकला, सासूबाईंनीही टाकला. त्याने पिशवीचे तोंड रबराने आवळले आणि ती आपल्या खांद्यावरच्या बॅगेच्या तळाशी ठेवली.

बोट जुनी होती. खाली बाके, वर ताडपत्री, आणि पुढे सुकाणूची लहानशी खोली, जिच्या खिडकीतून चालकाचे डोके आणि दोरीने बांधलेला माइक दिसत होता. तो माइक दिसल्या क्षणी भोंग्याचे पुढे काय होणार हे मेव्हणीने ओळखले. चालक काहीतरी बोलला, स्पीकरमधून फक्त खरखर आली, प्रवासी हसले. आणि भोंगा जागचा उठला.

"चालला," मेव्हणी बहिणीला म्हणाली. "आता दीपगृहापर्यंत सुटका नाही."

परंतु बहीण तोंडाला रुमाल लावून वाकली होती. बोट हलू लागल्यापासून तिला मळमळत होते. तिला मागच्या कठड्याशी नेऊन पाठीवर हात फिरवत उभे राहणे मेव्हणीला भाग पडले. छकुली आजीजवळ बाकावर राहिली. आणि पुढे, सुकाणूच्या खोलीत, माइक तोंडापासून किती अंतरावर धरावा यावर एक लहानसे व्याख्यान झाल्यावर, भोंग्याच्या हाती तो आला. चालक हा सुखी आणि आळशी माणूस होता. कोणी फुकट बोलणार असेल तर त्याची काहीच हरकत नव्हती.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," स्पीकर म्हणाला, आणि बसस्थानक समुद्रात आले.

लहान बेटाच्या धक्क्याला बोट लागली तेव्हा कारखान्यासाठी आणलेली रंगाची पिंपे उतरवायला खलाशांनी फळी टाकली. याच वेळी छकुलीने आजीच्या कानात सांगितले की तिला जायचे आहे, आणि आत्ताच जायचे आहे. बोटीवरच्या संडासाला कुलूप होते. सासूबाईंनी खलाशाला विचारले, "वेळ आहे का रे बाबा?" तो म्हणाला, "आहे की, ही सगळी पिंपं उतरायचीत. समोरच आहे बघा, पत्र्याचं." सासूबाई नातीला घेऊन फळीच्या तोंडाशी आल्या. पोर पुढे ओढत होती, फळी खालीवर होत होती, दोन्ही बाजूंना पाणी.

सुकाणूच्या खिडकीतून भोंग्याला हे दिसले. त्याने माइक तोंडाशी नेला.

"आई, बोट सोडू नका. पुन्हा सांगतो, बोट सोडू नका."

त्या क्षणी बोटीवर जे घडले ते पाहण्यासाठी त्याने मान वळवून ठेवली असती, तर पुढचे सगळे टळले असते. डाव्या बाकावरच्या एका बापाने आपल्या मुलाचे बोट घट्ट धरले. त्याच्या मागच्या बाईने मांडीवरच्या मुलीचे धरले. एका आजोबांनी, ज्यांच्याजवळ लहान मूल नव्हते, बायकोचे धरले. आपल्या भाषेत ही दोन बोटे लिंगाने वेगळी आहेत: पाण्यावरची स्त्रीलिंगी, हाताचे नपुंसकलिंगी, ती सोडली किंवा ते सोडले असे म्हटले की घोटाळा उरत नाही. पण 'सोडू नका' या रूपात लिंग बुडून जाते, आणि ऐकणाऱ्याच्या हाती जे असते तोच अर्थ उरतो. ज्याने आयुष्यभर शब्द विकून पोट भरले, त्याला आपल्या वाक्याला दोन तोंडे आहेत हे कळायला हवे होते. सासूबाईंच्या हातात काय होते, हे उघड होते. फळी डुगडुगत होती, पोर ओढत होती, आणि जावई सांगत होता की बोट सोडू नका. इतक्या वर्षांत त्याची ही पहिलीच सूचना त्यांना शहाणपणाची वाटली. त्यांनी नातीचे बोट मुठीत पक्के केले आणि दोघी खाली उतरल्या.

भोंग्याने मात्र सांगितले होते, आणि सांगितले म्हणजे झाले. तो समोरच्या पाण्याकडे तोंड करून पुढच्या वाक्याची जुळणी करू लागला. पिंपे उतरली. खलाशी धक्क्यावर सही घेत होता, तो परत उडी मारून चढला. चालकाने विचारले, "सगळे आले का?" भोंग्याने मागे न पाहता, भरघोस, कमावलेल्या आवाजात, स्पीकरवरून उत्तर दिले: "सर्व प्रवासी चढले आहेत. बोट सुटत आहे." आणि बोट सुटली.

बायको तोंड पुसत मागून आली तेव्हा धक्का लहान होत चालला होता. बाकावर आजीची पाण्याची बाटली होती.

"अहो, आई कुठंय? छकुली कुठंय?"

भोंग्याने बाकाकडे पाहिले, आणि मग, श्रेय देण्यासारखी एवढीच गोष्ट आहे, त्याचा चेहरा पांढरा पडला. तो चालकाकडे वळला. बोट वळवा म्हणाला.

"ओहोटी लागलीय," चालक म्हणाला. "आता त्या धक्क्याला पाणी पुरायचं नाही. भरतीला परतताना घेऊ. आणि तुम्हीच तर म्हणालात ना, सगळे चढले?" त्याने भोंग्याच्या हातून माइक काढून घेतला, खुंटीला अडकवला, आणि वायरलेसवर कारखान्याला हाक मारली. थोड्या वेळाने खरखरत उत्तर आले: हो, आहेत एक आजी आणि एक मुलगी, सावलीला बसल्यात, चहा देतोय.

या उत्तराने भोंग्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला, आणि रंगाबरोबर तोही परत आला. बाकापर्यंतच्या चार पावलांत त्याने सगळी घटना नीट लावून घेतली.

"सुखरूप आहेत," तो बायकोला म्हणाला. "काळजीचं कारण नाही. पण आता तूच सांग. स्पीकरवरून सांगितलं, बोट सोडू नका. एकदा नाही, दोनदा. अख्ख्या बोटीनं ऐकलं. तरी उतरल्या. वर छकुलीला घेऊन."

चालक जे म्हणाला होता ते त्याने सांगितले नाही. ते त्याला सूचनेचा भाग वाटले नसावे.

दीपगृहाच्या बेटावर पोचल्यावर कार्यक्रमात बदल करण्याचे त्याला काही कारण दिसले नाही. तो दीपगृह चढला. वरून त्याने हात हलवला. खाली येऊन उकडलेली अंडी आणि पाव खाल्ला. बायको एका दगडावर बसून होती. ती समुद्राकडे पाहत नव्हती, हातातल्या लहान मुलीच्या टोपीकडे पाहत होती. बोटीवर तिने आईचा राग केला होता. आता राग ओसरून त्या जागी काहीतरी अधिक वाईट येत होते: नवरा म्हणतो ते खरे असेल तर? आईला साधी गोष्ट सांगूनही कळत नसेल तर? आज छकुली होती, उद्या शेगडी असेल, परवा जिना.

"बसस्थानकावर आजवर 'बस' म्हणालात तेव्हा कोणी खाली बसलं नाही का हो भाऊजी?" मेव्हणी म्हणाली. तिला 'बोट' हा शब्द एव्हाना चावू लागला होता, पण नीट पकडीत आला नव्हता.

"थट्टेची वेळ नाही," भोंगा म्हणाला, आणि अंड्याचे टरफल नीट कागदात बांधून बायकोकडे वळला. "मी याचा विचार आधीच केला होता. निघायच्या दिवशी आईंच्या घरमालकाला निरोप ठेवलाय. महिनाअखेर खोल्या रिकाम्या."

बायकोने मान वर केली. "आईला विचारलंत?"

"आता विचारायची गरज राहिली का?"

तिने उत्तर दिले नाही. आणि भोंग्याने, ज्याला उत्तर न मिळण्याची सवय होती, ती संमती मानली. खरे सांगायचे तर त्या वेळी ती संमतीच होती, किंवा तिच्यापासून हाताच्या अंतरावर होती. सासूबाईंच्या दोन खोल्या त्या दुपारी, टरफलांच्या पुडीशेजारी, जवळजवळ गेल्याच होत्या.

परतीच्या बोटीत बायको सुकाणूच्या खोलीपाशी गेली. वायरलेसवरून चौकशी केल्याबद्दल चालकाचे आभार मानायचे, एवढाच तिचा हेतू होता.

"आभार कसले, वहिनी," तो म्हणाला. "माझंच चुकलं. साहेब म्हणाले सगळे चढले, तर मी मानलं. नजर टाकायला हवी होती. म्हटलं, माणूस एवढ्या खात्रीनं बोलतोय, तर बघूनच बोलत असणार."

ती तिथेच थांबली. मग तिने विचारले, "मागं वळून बघितलंच नव्हतं त्यांनी?"

"बोलत होते ना ते," चालक म्हणाला, जणू ते पुरेसे होते. ते पुरेसे होतेच.

धक्का जवळ आला. उपड्या घातलेल्या एका होडीवर सासूबाई बसल्या होत्या, शेजारी छकुली, तिच्या केसांत लाकडाचा भुसा आणि कोपरावर निळा रंग. दोघी फळीवरून चढल्या. आईला पाहताच छकुली धावणार होती, पण तिला धावता आले नाही, कारण आजीने धरले होते.

भोंगा पुढे झाला. आसपास प्रवासी होते, त्यामुळे त्याचा आवाज आपोआप स्थानकाचा झाला.

"आई, मी काय सांगितलं होतं?"

"बोट सोडू नका," सासूबाई म्हणाल्या.

"मग?"

"नाही सोडलं."

"सोडलीत की. बोट सोडून खाली उतरलात."

"बोट सोडली, जावईबापू," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "बोट सोडलं नाही." आणि त्यांनी हात वर केला. त्यांच्या मुठीत नातीचे तर्जनीचे बोट होते, दाबून लाल झालेले.

"शू करतानापण सोडलं नाही आजीनं," छकुलीने आईकडे तक्रार केली. "चहा पितानापण नाही. मी म्हटलं सोड, तर म्हणते, बाबांनी सांगितलंय."

मागच्या बाकावर कोणीतरी फिस्सकन हसले. सकाळच्या त्या बापाने मुलाला मांडीवर ओढले आणि म्हटले, "साहेब, आम्हीपण पोराचंच धरलं होतं. म्हटलं, खलाशी किती जपतायत बघा."

मेव्हणी हसत हसत कठड्याला टेकली. सकाळपासून निसटणारा शब्द अखेर तिच्या हाती आला होता. भोंगा मात्र हसला नाही, शरमलाही नाही. संदर्भ लक्षात घ्यायला हवा, सूचना बोटीवरून दिलेली असल्यामुळे ती बोटीविषयीच असते, असे त्याने प्रवाशांना समजावून सांगितले. ते समजावत असताना कोणी ऐकत नव्हते हे त्याला कळले नाही. सासूबाईंना तो अर्थ खरोखरच वाटला की फळीवर उभे असताना सोयीचा वाटला, हे त्यांनी कधीच स्पष्ट केले नाही. आणि लेकीने विचारले नाही. तिने फक्त मुलीचे लाल झालेले बोट आपल्या हातात घेऊन चोळले, आणि आईच्या मुठीत किती जोर आहे हे तिला त्यावरून कळले.

संध्याकाळी लॉजच्या व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या गेल्या. आजच्या प्रकारातही आपलेच म्हणणे सिद्ध झाले आहे, अशी भोंग्याची प्रामाणिक समजूत होती. तो उभा राहिला.

"तर निर्णय असा, की पुढच्या महिन्यापासून आईंनी—"

"खाली बसा," बायको म्हणाली.

तो बसला, आज्ञा पाळली म्हणून नव्हे, तर आपल्याला कोणी मध्येच तोडू शकते या आश्चर्याने.

"मालकांना फोन लावा. निरोप ठेवलात ना, तो परत घ्या. आणि स्पीकरवर ठेवा, आईला ऐकू दे."

"कसला निरोप?" सासूबाईंनी विचारले.

"तुझ्या खोल्या सोडायचा, आई. मला दुपारी कळलं." ती आईजवळ आली. "मी गप्प बसले होते. पण घोर आता मला तुझा नाही."

सासूबाईंनी जावयाकडे पाहिले. मग त्या चष्मा काढून पदराने पुसू लागल्या. वास्तविक काचा आधीच स्वच्छ होत्या.

भोंग्याने फोन लावला. वाजत राहील आणि कोणी उचलणार नाही, या आशेवर त्याने खांदे सरळ केले, घसा साफ केला. पलीकडून लगेच उचलला गेला.

"कोण?"

"नमस्कार. आपणास कळविण्यात येते की, यापूर्वी दिलेल्या सूचनेत—"

"कोण बोलतंय? काय पाहिजे?"

"मी... तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचा... म्हणजे जावई."

"जरा मोठ्यानं बोला हो, काही ऐकू येत नाहीय."

भोंग्याचा आवाज, जो फलाटांवरून, गाड्यांच्या धुरातून, शहराच्या गोंगाटातून आरपार जातो, तो व्हरांड्याच्या कठड्यापलीकडे जाईना. पुढचे वाक्य पलीकडच्या माणसाच्या बोलण्यावर अवलंबून आहे, अशा अवस्थेत तो यापूर्वी कधी उभा राहिला नव्हता. "मी निरोप ठेवला होता," तो म्हणाला. "खोल्यांबद्दल."

"अच्छा, तो तुमचा होता? अर्धा ऐकला मी. कसली तरी जाहिरात वाटली, म्हणून पुसून टाकला. काय होतं त्यात?"

मेव्हणीने तोंडावर हात दाबला. बायको हसली नाही. ती नवऱ्याकडे पाहत उभी होती, आणि त्याने काय म्हणायचे आहे हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेले होते.

"काही नाही," भोंगा म्हणाला. "खोल्या... रिकाम्या होणार नाहीत."

"त्या कशाला रिकाम्या होतील? तुम्ही जरा आजींनाच द्या बघू फोन."

सासूबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, फोन घेतला, स्पीकर बंद केला आणि तो कानाला लावला. "हां, मीच. बरी आहे. हवा छान आहे इथली. येतेय की, रविवारी येतेय. तेवढा स्वयंपाकघरातला नळ बघून ठेवा हो, रात्रभर टिपटिप चालते त्याची. नाही, मागं तुमच्या माणसानं नुसता आवळला, तसं नको. अख्खा बदला. आणि खालचे ते नवे लोक पायरीवर सायकल लावतात, त्यांना सांगितलंत का?"

वाऱ्याने ऐकू येईना म्हणून त्या बोलत बोलतच उठल्या आणि आपल्या खोलीत गेल्या. दार लोटल्यावरही आतून त्यांचे बोलणे येत राहिले, मध्ये थांबत, हसत, पलीकडच्याचे ऐकून घेत. भोंगा आपला फोन परत मिळेल म्हणून दाराशी हात पुढे करून काही वेळ उभा होता. मग मेव्हणीने त्याला सांगितले, की खुर्च्या आत घेणाऱ्यांनी त्या आता घ्याव्यात.